'मी' म्हणजे कोण? पाश्चात्त्य तत्त्वज्ञांचा 'स्व' आणि बुद्धांचा अनात्मवाद

जव्हार तालुक्यातील साखरशेत किंवा आसपासच्या एखाद्या पाड्यावरचा माणूस भातकापणी उरकली की घराला कडी घालून 'जगायला' बाहेर पडतो. वीटभट्टीच्या वहीत तो मुकादमाने आणलेला एक मजूर असतो. जातीच्या दाखल्यावर तो अनुसूचित जमातीचा, शिधापत्रिकेवर कुटुंबातला एक सदस्य, शहराच्या नाक्यावर नुसताच 'जंगलातून आलेला'. होळीला गावी परतला की तोच कोणाचा मामा, कोणाचा व्याही. माणूस एक, नावे अनेक. यातला खरा 'तो' कोणता?

हा प्रश्न बौद्ध समाजालाही रोज भेटतो. विहारात आपण उपासक असतो. दाखल्यावर 'नवबौद्ध' किंवा पूर्वीच्या जातीचा उल्लेख असतो. मग दोन टोमणे हमखास ऐकावे लागतात. पहिला: 'जात मानत नाही म्हणता, मग दाखला कशाला काढता?' दुसरा: 'आत्मा मानत नाही म्हणता, मग केल्या कर्माला जबाबदार कोण?' दोन्हींचे मूळ एकच आहे. 'मी' ही आत दडलेली, जन्मापासून मरणापर्यंत न बदलणारी वस्तू आहे, असे दोन्ही टोमण्यांत गृहीत धरलेले असते.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनी या प्रश्नावर सुमारे अडीच हजार वर्षे वाद घातला. त्यातील काही विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात प्रत्यक्ष शिक्षकांच्या तोंडून ऐकले आणि पुढे जातिव्यवस्थेविरुद्ध वापरले. म्हणून प्रमुख पाश्चात्त्य मते क्रमाने पाहू, ती बुद्धविचाराशेजारी ठेवू आणि शेवटी वरच्या दोन टोमण्यांकडे परत येऊ.

आधी शब्द नीट समजून घेऊ

मराठीत 'आत्मा' म्हटले की उपनिषदांतला नित्य, शुद्ध, अविनाशी आत्मा डोळ्यांसमोर येतो. पाश्चात्त्य चर्चेतला 'सेल्फ' नेहमी तसा नसतो. म्हणून या लेखात नित्य तत्त्वासाठी 'आत्मा' आणि व्यापक अर्थाने 'स्व' किंवा 'मी' हे शब्द वापरले आहेत.

'स्व' या एका शब्दात चार वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत. मी कशाचा बनलो आहे? लहानपणीचा मी आणि आजचा मी एकच कसे? मला माझी ओळख आतून कळते की बाहेरून? आणि इतर माणसांशिवाय 'मी' असू शकतो का? एक तत्त्वज्ञ यातल्या एका प्रश्नाला उत्तर देतो, तर दुसरा भलत्याच प्रश्नाला. हे ध्यानात ठेवले तर बराच गोंधळ टळतो.

पालीतही 'अत्त' हा शब्द दोन अर्थांनी येतो. 'स्वतः' या रोजच्या अर्थाने बुद्धवचनात तो सर्रास आहे; धम्मपदात तर 'अत्तवग्ग' नावाचा स्वतंत्र वर्ग आहे. बुद्धांनी नाकारला तो दुसरा अर्थ: देहमनाच्या मागे बसलेला नित्य मालक.

प्लेटो आणि ॲरिस्टॉटल: आत्म्याची उतरंड

इ.स.पूर्व चौथ्या शतकात प्लेटोने आत्मा अमर मानला. 'रिपब्लिक' या ग्रंथात त्याने आत्म्याचे तीन भाग सांगितले: विवेक, तेज आणि वासना. विवेकाने राज्य करावे, तेजाने त्याला साथ द्यावी, वासनेने ताब्यात राहावे. पण प्लेटो एवढ्यावर थांबला नाही. आदर्श नगरातही त्याने तीन वर्ग केले: राज्यकर्ते, सैनिक आणि उत्पादक. ज्याच्या आत्म्यात ज्या भागाचे प्राबल्य, तो त्या वर्गाचा. खालच्या वर्गातल्या घरी वरच्या गुणाचे मूल जन्मू शकते, ही सवलत त्याने ठेवली. पण एक माणूस, एक गुण, एक जागा ही चौकट पक्की राहिली.

त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल याला देहाबाहेर राहणारा आत्मा मान्य नव्हता. जिवंत देहाची रचना आणि कार्यशक्ती म्हणजेच आत्मा, असे तो म्हणे. विचार अधिक शास्त्रीय झाला, तरी काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात, असे 'पॉलिटिक्स'मध्ये त्यानेच लिहिले.

भारतीय वाचकाला ही मांडणी ओळखीची वाटेल. आत्म्याची उतरंड लावली की माणसांची उतरंड लावायला वेळ लागत नाही.

देकार्त: शंका घेणारा 'मी'

फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याने १६३७ आणि १६४१ मधील ग्रंथांत प्रत्येक गोष्टीवर शंका घेऊन पाहिली. डोळे फसवतात, स्वप्न खरे वाटते, गणितातही चूक होऊ शकते. मात्र शंका घेणारा कोणीतरी आहे यावर शंका घेता येत नाही. मी विचार करतो, त्याअर्थी मी आहे. येथून त्याने निष्कर्ष काढला की 'मी' म्हणजे विचार करणारे द्रव्य आणि ते देहाहून वेगळे आहे.

बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ मध्ये त्याला पत्राने विचारले: मन जर जागा न व्यापणारे, देहाहून सर्वस्वी वेगळे असेल, तर ते देहाला हलवते कसे? देकार्तला याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही.

दुसरी अडचण बौद्ध वाचकाच्या चटकन ध्यानात येईल. विचार चालू आहे, एवढेच अनुभवाला येते. विचारांच्या मागे विचार करणारी वस्तू आहे, ही पुढची उडी आहे. तरीही देकार्तचे एक ऋण मान्य केले पाहिजे. बुद्धी सर्व माणसांत आहे या त्याच्या भूमिकेचा आधार घेऊन पुलां द ला बार या लेखकाने १६७३ मध्ये स्त्री-पुरुष समतेची बाजू मांडली. आत्मा मानणारा प्रत्येक विचार विषमतेचाच असतो, असे सरसकट म्हणता येत नाही.

लॉक: राजपुत्र आणि जोडे शिवणारा

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत व्यक्तीच्या एकतेवर नवे प्रकरण घातले. कालचा मी आणि आजचा मी एकच ठरतो तो आत्म्यामुळे किंवा देहामुळे नाही, तर जाणिवेच्या सातत्यामुळे. मागचे कृत्य 'हे मीच केले' असे मला आतून आठवते, तिथवर मी तोच.

हे समजावण्यासाठी त्याने एक कल्पना केली. एका राजपुत्राची सारी जाणीव, साऱ्या आठवणींसह, जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या देहात शिरली. आता तो कोण? लॉक म्हणतो, व्यक्ती म्हणून तो राजपुत्र. पण स्वतःशिवाय इतर सगळ्यांच्या लेखी तो तोच जोडे शिवणारा राहील.

लॉकने हे वाक्य जाता जाता लिहिले. आपल्या समाजात मात्र खरी कथा तिथूनच सुरू होते. आठवणी राजपुत्राच्या असोत की पंडिताच्या, गावाच्या विहिरीवर माणूस आठवणींवरून ओळखला जात नव्हता. इतरांच्या डोळ्यांतली ओळख माणसाच्या 'स्व'चे काय करते, हा प्रश्न पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाने गांभीर्याने घ्यायला आणखी शंभरहून अधिक वर्षे लागली.

लॉकवर नेमका आक्षेप थॉमस रीड याने १७८५ मध्ये घेतला. एका मुलाला बागेतली फळे चोरल्याबद्दल फटके बसले. तो पुढे शूर अधिकारी झाला. तेव्हा त्याला ते फटके आठवत होते. म्हातारपणी तो सेनापती झाला. अधिकारी असताना केलेला पराक्रम त्याला आठवतो, पण लहानपणचे फटके आठवत नाहीत. लॉकच्या हिशेबाने सेनापती म्हणजे अधिकारी आणि अधिकारी म्हणजे तो मुलगा. तरीही सेनापती म्हणजे तो मुलगा नव्हे! फळे चोरणारा हा मुलगा लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

ह्यूम: सापडला नाही तो 'मी'

स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने १७३९-४० च्या ग्रंथात स्वतःच्या आत डोकावून पाहिले. त्याला उष्णता, थंडी, सुख, दुःख, प्रेम, द्वेष सापडले. या सर्वांचा मालक असलेला 'मी' कुठेच सापडला नाही. मन म्हणजे एकामागून एक झपाट्याने येणाऱ्या अनुभवांचा गठ्ठा. त्याने नाटकगृहाची उपमा दिली आणि लगेच बजावले की येथे नाटक आहे, पण रंगमंचाची वेगळी इमारत नाही.

पंचस्कंधांशी असलेले हे साम्य थक्क करणारे आहे. ह्यूमने हा ग्रंथ फ्रान्समधील ला फ्लेश या गावी लिहिला. तिथल्या जेझुइट मठात सयामला जाऊन आलेला एक पाद्री राहत होता. त्यामुळे बौद्ध विचार ह्यूमच्या कानावर गेले असावेत, असा तर्क ॲलिसन गॉपनिक यांनी २००९ मध्ये मांडला. तो तर्कच आहे, पुरावा नव्हे.

ह्यूम स्वतः मात्र समाधानी नव्हता. सुटे अनुभव एकत्र बांधणारे सूत्र कोणते, हे आपल्याला सांगता येत नाही, अशी कबुली त्याने ग्रंथाच्या पुरवणीत दिली. आणि एक गोष्ट आपण विसरता कामा नये. ज्याला स्वतःच्या आत कायमचा 'मी' सापडला नाही, त्याच ह्यूमने एका निबंधाच्या तळटीपेत काळे लोक निसर्गतःच गोऱ्यांहून कनिष्ठ असावेत, असे लिहिले. आपल्यातला शिक्का त्याने पुसला, दुसऱ्याच्या कपाळावरचा तसाच ठेवला. अनात्म ही नुसती बुद्धीची कसरत राहिली तर काय होते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

कांट: जोडणारा 'मी'

ह्यूमच्या अडचणीवर इमान्युएल कांटने १७८१ मध्ये तोडगा काढला. घंटेचा नाद, तिचा पितळी रंग, हाताला लागलेला थंडावा हे सारे 'एका घंटेचे' म्हणून कळते, कारण अनुभव जोडण्याचे काम चालू असते. प्रत्येक अनुभवाबरोबर 'मला हे कळते आहे' असे म्हणता आले पाहिजे. पण या 'मी'वरून आत अमर आत्मा नावाचे द्रव्य आहे, असे सिद्ध होत नाही, हेही त्याने बजावले. कांटचा 'मी' वस्तू नसून जोडण्याचे कार्य आहे.

१७८५ मध्ये त्याने नीतीचा नियम सांगितला: माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये. मानवी प्रतिष्ठेच्या आधुनिक कल्पनेला यातून मोठे बळ मिळाले. मात्र वंशांची उतरंड लावणारे लेखन कांटनेही केले होते.

हेगेल, जेम्स, मीड आणि ड्यूई: माणसामाणसांत घडणारा 'मी'

येथे चर्चेला वळण लागले. हेगेलने १८०७ मध्ये सांगितले की माणसाला स्वतःची जाणीव होण्यासाठी दुसऱ्या माणसाची मान्यता लागते. धनी गुलामाकडून मान्यता वसूल करतो. पण ज्याला तो माणूसच मानत नाही, त्याच्या मान्यतेला किंमत काय? उलट गुलाम श्रमातून जग घडवतो आणि त्या घडवण्यात त्याला स्वतःचे सामर्थ्य दिसते.

अमेरिकेत विल्यम जेम्सने १८९० मध्ये जाणिवेला प्रवाहाची उपमा दिली. माणसाला जितके लोक ओळखतात, तितके त्याचे सामाजिक 'मी' असतात, असेही तो म्हणाला. साखरशेतच्या मजुराची अनेक नावे जेम्सला अडचणीची वाटली नसती. जॉर्ज हर्बर्ट मीड याची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९३४ मध्ये पुस्तकरूपाने आली. मूल इतरांच्या नजरेतून स्वतःकडे पाहायला शिकते आणि त्यातूनच त्याचा 'स्व' घडतो, असा त्याचा सिद्धांत आहे. आधी समाज, मग 'मी'.

मीडचा सहकारी आणि मित्र जॉन ड्यूई हा बाबासाहेबांचा कोलंबियातील शिक्षक. ड्यूईच्या मते 'स्व' ही तयार वस्तू नसते. सवयी, कृती आणि इतरांशी होणारा व्यवहार यांतून तो सतत घडत राहतो. म्हणून समाजाची रचना बदलली की माणूसही बदलतो. शिक्षण आणि लोकशाही यांवर ड्यूईचा भर होता तो यासाठीच.

या सिद्धांताची कटू प्रचिती बाबासाहेबांना फार लहानपणी आली होती. १९०१ मध्ये भीम आणि घरातली इतर मुले साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर नीटनेटक्या कपड्यांतली ही मुले पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी महार असल्याचे सांगताच त्याचा चेहरा बदलला. मुले तीच, कपडे तेच, बोलणे तेच. एका शब्दाने समोरच्याच्या डोळ्यांतला 'भीम' बदलला आणि पुढे बैलगाडी मिळणे, पाणी मिळणे सारेच अवघड झाले. ही हकिकत त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली आहे.

सार्त्र, फॅनन आणि पार्फिट

झां-पॉल सार्त्रने १९४३ मध्ये मांडले की माणसाचे सार आधी ठरलेले नसते. निवडीतून तो स्वतःला घडवतो. हॉटेलातला वेटर 'मी वेटरच आहे' असा अभिनय करू लागतो, तेव्हा तो आपले स्वातंत्र्य स्वतःपासून लपवत असतो.

पण निवडीचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे मिळते का? मार्टिनिक बेटावर जन्मलेल्या फ्रांझ फॅननने १९५२ च्या पुस्तकात स्वतःचा अनुभव लिहिला. एक गोरे मूल त्याच्याकडे बोट दाखवून घाबरते, आणि त्या क्षणी तो डॉक्टर, वाचक, सैनिक काहीच उरत नाही. फक्त कातडीचा रंग उरतो. मसूर स्टेशन आणि फॅननचा हा अनुभव शेजारी ठेवून वाचावेत.

इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट याने १९८४ मध्ये 'रीझन्स अँड पर्सन्स' हा ग्रंथ लिहिला. यंत्राने माझी तंतोतंत प्रत दुसऱ्या ग्रहावर तयार केली तर ती मीच का, असे प्रश्न विचारत तो या निष्कर्षाला आला की देह, मेंदू आणि परस्परांशी जोडलेल्या मानसिक घटना यांपलीकडे 'मी' नावाची वेगळी वस्तू नाही. हे कळल्यावर आपल्याला मोकळे वाटले, इतर माणसे अधिक जवळची वाटू लागली, असे त्याने नमूद केले. ग्रंथाच्या एका परिशिष्टात त्याने बुद्धमताची साक्ष काढली आहे.

बुद्ध आणि नागसेन: रथ आणि आंबे

बुद्धांच्या मते ज्याला आपण व्यक्ती म्हणतो ते रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांचे बदलते संघटन आहे. यातला एकही स्कंध नित्य नाही, पूर्णपणे आपल्या ताब्यात नाही. म्हणून त्यांपैकी कशालाच 'हा माझा आत्मा' म्हणता येत नाही. हे संघटन अकारणही नाही. प्रत्येक अवस्था मागच्या कारणांतून उपजते. हाच प्रतीत्यसमुत्पाद. ह्यूमला न सापडलेले सूत्र येथे आहे: अनुभव मालकाने बांधलेले नसून कार्यकारणाने जोडलेले असतात.

हा विचार आपल्या भागाला परका नाही. साखरशेत ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील सोपारा हे प्राचीन बंदर. तेथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच मिळाला. डोंगरातून उतरून समुद्राकडे जाणाऱ्या या पट्ट्यात धम्म दोन हजार वर्षांपूर्वीच येऊन गेला होता.

राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात आहे. राजा रथातून आलेला. नागसेन विचारतात: चाके म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ नाहीच का? राजा म्हणतो, या सर्वांच्या जुळणीला 'रथ' हे व्यवहाराचे नाव आहे. तसेच 'नागसेन', भिक्खू उत्तर देतात. रथ खोटा नाही. त्यात बसून राजा खरोखरच आला. फक्त भागांपलीकडे 'रथपण' नावाची वस्तू नाही.

राजाची पुढची शंका जबाबदारीची आहे. त्यावर नागसेन आंब्यांचे उदाहरण देतात. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले आणि म्हणाला: 'मालकाने लावली ती कोय वेगळी, मी घेतले ते आंबे वेगळे. मी गुन्हेगार कसा?' तरीही तो दंडास पात्रच, कारण हे आंबे त्याच कोयीतून उपजले. रीडच्या बागेतला फळे चोरणारा मुलगा येथे पुन्हा भेटतो. लॉक आठवणीत अडकला, म्हणून सेनापती सुटू पाहत होता. नागसेनांच्या लेखी आठवण असो वा नसो, त्या मुलापासून सेनापतीपर्यंत कारणांची साखळी अखंड आहे. जबाबदारीला आत्मा लागत नाही, सातत्य पुरते.

बाबासाहेबांनी काय केले?

१९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि करू न दिले गेलेले भाषण बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' म्हणून स्वतः छापले. त्यात चातुर्वर्ण्याची तुलना त्यांनी प्लेटोच्या तीन वर्गांशी केली. माणसांना दोन-चार खणांत कोंबणे म्हणजे माणसाविषयीची अतिशय उथळ समज, कारण प्रत्येक माणूस वेगळा असतो आणि त्याच्या प्रवृत्ती असंख्य असतात, असा त्यांचा आक्षेप होता. प्लेटोविरुद्धचा हा युक्तिवाद मुळात ड्यूईचा. बाबासाहेबांनी तो वर्णव्यवस्थेवर रोखला.

१९५० मध्ये औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेले महाविद्यालय पुढे 'मिलिंद' या नावाने ओळखले जाऊ लागले आणि परिसराला 'नागसेनवन' हे नाव मिळाले. नावासाठी त्यांनी प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू निवडला, हे विद्यार्थ्यांनी कायम लक्षात ठेवावे.

त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म यांचा मेळ कसा घालायचा, हा बौद्धांपुढचा मोठा प्रश्न म्हणून त्यांनी नोंदवला. आत्म्यावरील श्रद्धेतून पुरोहितशाही आणि अंधश्रद्धा पोसली जाते, असे त्यांनी दाखवले. माणसाची आजची स्थिती पूर्वजन्मीच्या कर्माने ठरते, हे मत बुद्धांचे असू शकत नाही, असेही ते म्हणतात. कारण त्यामुळे गरिबांच्या अवस्थेची जबाबदारी राज्य आणि समाज झटकू शकतात.

या शेवटच्या मुद्द्याचा अर्थ जव्हार-मोखाड्यात लगेच कळतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या कुपोषण बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. ती मुले 'आपले प्राक्तन' घेऊन जन्मली होती, असे म्हणणारा माणूस रोजगार, रस्ता, दवाखाना आणि धान्य यांचे प्रश्न पुसून टाकतो. कारणे बदलली की परिणाम बदलतो, हा प्रतीत्यसमुत्पाद तेथे पोटाच्या प्रश्नाला लागू पडतो.

एका नजरेत तुलना

- प्लेटो: अमर, तीन भागांचा आत्मा, त्याच नमुन्यावर समाजाची उतरंड.
- देकार्त: देहाहून वेगळे, विचार करणारे द्रव्य.
- लॉक: जाणिवेचे आणि आठवणीचे सातत्य.
- ह्यूम: अनुभवांचा गठ्ठा, मालक नाही, बांधणारे सूत्रही सापडत नाही.
- कांट: अनुभव जोडणारे कार्य, द्रव्य नव्हे.
- हेगेल, जेम्स, मीड, ड्यूई: इतरांच्या मान्यतेतून आणि व्यवहारातून घडणारा 'स्व'.
- सार्त्र, फॅनन: निवडीतून घडणारा, पण इतरांच्या नजरेत जखडला जाणारा 'स्व'.
- पार्फिट: जोडलेल्या घटनांपलीकडे काही नाही.
- बुद्ध: पंचस्कंधांचा कार्यकारणाने जोडलेला प्रवाह, 'मी' हे व्यवहाराचे नाव.

बुद्ध आणि ह्यूम किंवा पार्फिट यांच्यात साम्य असले तरी एक फरक मोठा आहे. पाश्चात्त्य विचारवंताचा प्रश्न बहुधा 'सत्य काय?' हा असतो. बुद्धांचा प्रश्न 'दुःख कसे संपेल?' हा आहे. म्हणून अनात्मासोबत शील, मैत्री आणि करुणा येतात. ह्यूमची तळटीप वाचली की ही जोड का हवी, हे उमगते.

आता ते दोन टोमणे

'आत्मा नाही, मग जबाबदार कोण?' याचे उत्तर आंब्याच्या कोयीत आले आहे. उलट, पुढे बदलू शकतो म्हणूनच माणसाला सुधारण्यास सांगण्यात अर्थ असतो. न बदलणाऱ्या आत्म्याला उपदेश करून काय उपयोग? इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवले, तेव्हा माणसाचा स्वभाव जन्मानेच ठरतो, हीच समजूत त्यामागे होती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ती समजूत अजून पुरती गेलेली नाही.

'जात मानत नाही, मग दाखला कशाला?' याचे उत्तर रथात आहे. दाखल्यावरचे नाव व्यवहाराचे आहे. समाजाने एका समूहाला कसे वागवले याची ती नोंद आहे. त्या माणसाच्या अंतरंगाचे ते वर्णन नाही. डॉक्टरच्या कागदावर जखमेचे नाव लिहितात, म्हणून जखम म्हणजे माणूस होत नाही आणि कागद फाडल्याने जखम भरतही नाही. धर्मांतरानंतरही जातीचे चटके थांबले नव्हते, म्हणूनच १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. आदिवासींच्या नावांमागे तर जमीन, जंगल, बोली आणि आप्तांचे जाळेही आहे. ते नाव त्यांनी अभिमानाने घ्यावे, त्यावर आपला हक्क मागावा. नाव आणि शिक्का यांतला फरक एवढाच: नाव माणूस स्वतः वापरतो, शिक्का दुसरा मारतो आणि तो कधी पुसला जाणार नाही असे सांगतो.

अनात्म म्हणजे 'तू कोणीच नाहीस' असे नव्हे. 'तुला जे कायमचे म्हणून सांगितले गेले, ते तू नाहीस', असा त्याचा अर्थ आहे. साखरशेतचा मजूर, मसूर स्टेशनवरचा भीम आणि विहारात बसलेले आपण, सर्वांसाठी तो सारखाच खरा आहे. मात्र ह्यूमसारखे अर्ध्यावर थांबू नये. आपल्यावरचा शिक्का नाकारताना आपल्या बोलण्यातून दुसऱ्या कोणावर तर शिक्का बसत नाही ना, हे रोज तपासणे, हाच अनात्माचा खरा अभ्यास.

नमो बुद्धाय, जय भीम.